बाहेरचे घटक म्हणजे बहाणे? मग या माझ्या मिलवर आठ दिवस बसायला

डाळवाला_उदगीर (मूळ धागा)

परवा इथं एका प्रशिक्षक साहेबांचा लेख वर आला होता. शंभरावर लोकांनी अंगठे दिले, त्यात माझा सख्खा मेहुणाही. लेखाचा सार असा: धंदा बुडतो तो आतून बुडतो. पाऊस, सरकार, लाईट, बाजारभाव हे सगळे हरलेल्या माणसाचे बहाणे. खरा उद्योजक बाहेर बघतच नाही. शेवटी तीन दिवसांच्या शिबिराची जाहिरात, फी १४ हजार अधिक जीएसटी. जीएसटी बाहेरचा घटक नसावा बहुतेक, साहेबांच्या आतूनच येत असेल.

हा लेख मी वाचला रात्री साडेअकराला. तेव्हा माझ्या डाळमिलच्या तळावर ९० क्विंटल तूर तेल-पाणी लावून वाळायला पसरलेली होती आणि बिदरच्या अंगाला विजा चमकत होत्या. हमालांची टोळी देवणीला लग्नाला गेलेली. मी, मुनीम, वॉचमन आणि वॉचमनचा बारका पोरगा, तीन ताडपत्र्या. फावड्यानं ओढता ओढता निम्मा माल भिजला. भिजलेला माल पुन्हा वाळतो हो, पण त्याला तो रंग येत नाही. फटका डाळ, म्हणजे वरच्या प्रतीची, व्हायची ती सव्वा नंबरात, म्हणजे हलक्या प्रतीत गेली. क्विंटलला सहाशे रुपये पाण्यात. आता यात मी आतून कुठं बदलायचं होतं? ढगाला सकारात्मक ऊर्जा द्यायची होती का?

बरं, पाऊस सोडा. २ जून २०२३. केंद्रानं तूर-उडदावर साठ्याची मर्यादा लावली. घाऊकवाल्याला २०० टन. आम्हा मिलवाल्यांना मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वर्षाच्या क्षमतेच्या २५ टक्के, जे जास्त असेल ते. ठीक. त्या हिशेबात बसेल एवढाच माल मी धरला, पोर्टलवर भरला. सप्टेंबर संपता संपता नवा आदेश: घाऊकला ५० टन, मिलला एक महिना किंवा १० टक्के. झोपलो तेव्हा माल कायदेशीर होता, उठलो तेव्हा जास्तीचा झाला. महिन्याभरात काढा म्हणे. सगळ्यांनी एकदमच काढायला घेतल्यावर भाव काय होतो हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही. त्यात मुंबईला बाहेरची तूर, ब्रह्मदेशची लेमन अन् आफ्रिकेची गजरी, बिनशुल्क उतरतच होती.

आणि २०१६ तर विसरायलाच नको. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलची पहिली खेप, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी डाळीला पाणी मारायला टँकर घेत होतो आणि बायको घरात एका बादलीत भांडी, त्याच पाण्यात फरशी आणि तेच पाणी संडासला करत होती.

तेव्हा बाहेरचं काही नसतं म्हणणाऱ्यांना निमंत्रण. जेवण-खाण माझ्याकडं. आठ दिवस बसा.

सीए_संभाजीनगर

शेठ, राग समजला, हिशेब समजला नाही.

तो लेख भंपक आहे, हे मान्य. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात. तुमच्याच लिखाणातून विचारतो. मार्च ते मे अवकाळी पाऊस आपल्याकडे दरवर्षी येतो, मग टोळी लग्नाला जाणार हे माहीत असताना संध्याकाळी माल गोळा करून झाकला का नव्हता? ड्रायर का नाही? मालाचा विमा का नाही?

साठा मर्यादा तुमच्या मिलला लागली तशी शेजारच्या मिललाही लागली ना? ज्यानं जुलैत माल काढला त्याला सप्टेंबरचा आदेश बातमी म्हणून कळला, तुम्हाला नोटीस म्हणून. तुम्ही भाव वाढेल म्हणून गोदाम भरून ठेवलं होतं. याला उत्पादन म्हणत नाहीत शेठ, सट्टा म्हणतात.

२०१६ चं आमच्याकडचं सांगतो. एप्रिलमध्ये खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्या उद्योगांचं २५ टक्के कापायला सांगितलं. वाळूजमधला माझा एक अशील तोपर्यंत सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायला लागला होता, दोन वर्षं आधी, तेव्हा सगळे त्याला हसत होते. त्याच्या शेजारच्यानं त्या उन्हाळ्यात तिसरी पाळी बंद केली. न्यायालय तेच, जायकवाडी तेच, रस्ताही तोच. फरक आतलाच होता की.

डाळवाला_उदगीर

सट्टा शब्द मागे घ्या, मग बोलू.

तूर येते जानेवारी-फेब्रुवारीत. मिल चालवायची असते बारा महिने. माल धरल्याशिवाय जुलैत मी काय दळू, तुमच्या फायली? आणि ड्रायर घ्या म्हणणं सोपं आहे. २८ लाखांचं कोटेशन टेबलाच्या काचेखाली दोन वर्षं पडून आहे. वर जळण वेगळं. उन्हाला बिल येत नाही. शिवाय उन्हात वाळलेल्या डाळीला जी चकाकी येते ती ड्रायरला नाही, हे हैदराबादचा व्यापारी डोळे मिटून सांगतो.

सीए_संभाजीनगर

उन्हाला बिल येत नाही म्हणता. ९० क्विंटलवर सहाशेनं काढा की बिल. निम्माच धरला तरी २७ हजार. असे पाऊस वर्षात किती येतात ते तुम्हीच मोजा.

जालन्याची_सळई

सीए साहेब, टेबलावरून सगळंच सोपं दिसतं. आमच्याकडं या एकदा. भट्टीत माल वितळलेला असतो आणि लाईट जाते. ती काय पंखा बंद पडल्यासारखी जात नाही. माल आतच घट्ट बसतो. मग लायनिंग फोडून काढा, नवं भरा, त्याला ताव द्या, मग पुन्हा चालू. मागच्या उन्हाळ्यात एका महिन्यात तीनदा. तक्रार केली तर साहेब म्हणाले, कावळा बसला होता तारेवर.

आणि रात्रीचं ऐका. रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती, म्हणून सगळा जालना रात्री जागायचा. पाळ्या, भंगाराच्या गाड्या, हमाल, चहाच्या टपऱ्या, सगळं त्या दीड रुपयावर बसवलेलं. जुलै २०२५ पासून दर फिरला, सूट गेली दिवसा ९ ते ५ ला, अन् संध्याकाळी उलटा जादा आकार. सोलरची वीज दिवसा जास्त होते म्हणे. त्यांचं बरोबर असेल. पण माझे वीस वर्षं रात्रपाळी केलेले कामगार, त्यातल्या दोघांनी दिवसा शेती धरलेली, एकाची दिवसा रिक्षा. त्यांना काय सांगू, तुमची झोप आता वीज आयोगानं बदलली? निम्मे सोडून गेले. हा माझा 'आतला' दोष का?

सीए_संभाजीनगर

नाही, हा नाही. हा खरोखर बाहेरचा. (घ्या, लिहून दिलं.) पण छतावर सोलर?

जालन्याची_सळई

भट्टी आहे साहेब, गिझर नाही.

कोरडवाहू_चाकूर

शेठ अन् सायेब, तुमचं चालू द्या, मधी एक इचारतो. शेठचा बाहेरचा घटक दिल्ली. सायबाच्या मतानं शेठची अक्कलच आतून कच्ची. बरं. माझा बाहेरचा घटक कोण म्हणलाव? शेठच की.

२०२४ च्या सोयाबीनचं सांगतो. हमीभाव ४८९२. बाजारात चार हजाराच्या आगंमागं. एका आडतीवर गेलतो २२ पोते घेऊन. काट्यापाशी ओलावा मोजायचं मीटर. मूठभर माल घातला, १४.८. म्हणले ओला हाय, क्विंटलमागं अडीच किलो कटती. म्या काय बोललो नाही. एक पोतं पाठीवर घेतलं अन् पलीकडच्या आडतीवर नेलं. तेच पोतं, तोच तास, ऊन बी तेच. ११.९. तिथला मुनीम म्हणला माल कोरडा हाय मामा, पण डागी हाय, तीनशे कमी. म्हंजे ओला निघाला तरी मरण, कोरडा निघाला तरी मरण.

नोव्हेंबरात सरकार म्हणलं १५ टक्क्यापर्यंत ओलावा चालंल. तवर माझा माल इकून खतवाल्याची उधारी बी गेलती.

तुमच्यावर दिल्लीतून जे पडतंय ते तुम्ही आमच्या पोत्यावर ठेवलालाव. आमच्या खाली कोण हाय? बैल. त्यो तर मागच्याच साली इकला.

डाळवाला_उदगीर

मामा, सोयाबीन मी घेत नाही, मी तूरवाला. पण कटतीवर आलात तर दुसरी बाजू ऐका. पोत्याच्या तोंडाला दाणा टपोरा आणि तळाला काय निघतं? माती, खडे, काडी, एकदा तर अर्धी वीट निघाली. वीट! ती कुठल्या शेतात उगवते? वीस पोत्यांत दोन पोती मागच्या वर्षीचा किडका माल मिसळलेला. चाळणीवर घातलं की सगळं दिसतं. ती घट कुणी सोसायची?

कोरडवाहू_चाकूर

ईट घातली ती एकानं. कटती कापता सगळ्यांची. हे कसलं मॅनेजमेंट?

आडत_तिसरी_पिढी

व्यापाऱ्याला चोर म्हणायची फॅशनच झाली आहे. सौदा झाल्यावर चोवीस तासांत शेतकऱ्याला पट्टी आम्ही देतो. मिलवाला आम्हाला देतो दीड महिन्यानं, दिला तर. शेतकऱ्याला पेरणीला उचल कोण देतं, बँक? त्याच्या पोरीच्या लग्नाला रात्री दहाला दार कुणाचं वाजतं? त्यावर कुणी धागा काढत नाही.

कोरडवाहू_चाकूर

उचल देता म्हणूनच तर पोतं दुसऱ्या आडतीवर नेता येत नाही आमाला. म्या त्या दिशी नेलं, कारण त्या साली उचल नव्हती घेतलेली. त्याच्या आधीच्या साली मीटरकडं बघायची बी हिंमत नव्हती.

डाळवाला_उदगीर

धागा कटतीचा नाही.

कोरडवाहू_चाकूर

तुमच्यासाठी नाही.

मास्तर_अंबाजोगाई

आपण सगळे फांद्यांवर भांडत आहात. मूळ बघा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामात. देशाच्या इतर भागांपेक्षा वर्षभर उशिरा स्वतंत्र झालो आणि तो उशीर अजून भरून निघालेला नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष आकड्यांत मांडून दिला, तो वाचायची तसदी कुणी घेतली? नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर. बीडला पहिली गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! मंजुरीच्या साली जन्मलेली मुलं आता आपल्या मुलांना ती गाडी दाखवायला घेऊन गेली. या तीस वर्षांत बीडमध्ये जो कारखाना निघाला नाही, त्याच्या मालकानं कुठलं शिबिर करायचं होतं?

वाळूज_फिटर

मास्तर, निजामावर आलात. आता धागा शंभरी गाठणार.

ब्रॉडगेज रेल्वे नव्हती तरी आमच्याकडं १९८५ ला बजाज आली अन् तिच्या मागं पाचशे छोटी वर्कशॉप. मी त्यातल्याच एकात. मला विचाराल तर सगळ्यात मोठा बाहेरचा घटक म्हणजे मोठ्या कंपनीचा एक फोन. 'या महिन्यात शेड्यूल निम्मं.' झालं. ना कारण, ना पत्र. आमचा मालक कामगारांना सांगतो मंदी आहे, कामगार किराणावाल्याला सांगतो पगार लांबला, किराणावाला कुणाला सांगतो माहीत नाही.

आणि बंद राहिलेच. ९ ऑगस्ट २०१८ चा मराठा आरक्षणाचा बंद आठवा. कंपन्यांच्या काचा फुटल्या, आत शिरून कॉम्प्युटर फोडले. मी मशीनच्या मागं दीड तास बसून होतो. ज्यांनी मोर्चा काढला ते बाहेर शांत बसलेले, आणि फोडणारे कोण ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी जपानचे पाहुणे यायचे होते. ते आले नाहीत. कधीच नाही.

पुण्यातला_परभणीकर

वाचून करमणूक झाली. अडचणी काय फक्त मराठवाड्यात आहेत का? चाकणला वाहतूक कोंडी आहे, इचलकरंजीला यंत्रमाग मरतोय, त्यांनी असे धागे काढले का? आपल्याकडं रडणं हा मुख्य उद्योग आणि बाकीचे जोडधंदे. म्हणून तर मी वीस वर्षांपूर्वी निघून आलो.

जालन्याची_सळई

निघून गेलात ते बरं केलंत. पुण्यातलं घर ज्या सळईवर उभं आहे ती कुठली ते बघा एकदा. बहुतेक रडणाऱ्यांचीच निघेल.

आडत_तिसरी_पिढी

नावात परभणीकर कशाला ठेवलंय मग? पत्ता बदला.

औशाची_ताई

भाऊ लोकांनो, जरा जागा द्या. माझा गृहउद्योग आहे, कुरडया, शेवया, पापड, रुखवताचं सामान. तुम्ही लाखांच्या गोष्टी करता, माझी सगळी उलाढाल सीए साहेबांच्या फीएवढी असेल.

माझा बाहेरचा घटक कुणाला सुचणार नाही. ऊस. माझ्याकडं एक गुंठा नाही उसाचा. पण माझ्याकडच्या बारा बायांपैकी नऊ दसऱ्यानंतर टोळीबरोबर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की येतात. मार्चअखेर आल्या की एप्रिल-मे माझे. ऊन कडक, लग्नसराई, दिवसाला चाळीस किलो गव्हाचा चीक. २०२२ ला ऊस एवढा झाला की कारखाने जूनपर्यंत चालले. बाया आल्याच नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, ताई, मुकादम सोडत नाही, फडात पाचट पेटवून तोडायला लावतोय. आल्या तेव्हा आभाळ आलेलं होतं. कुरडई आभाळाखाली वाळत नाही, आंबते. तीन क्विंटल गहू भिजवलेला होता, म्हशींना घातला.

आता सांगा, मी काय नियोजन करायचं होतं? दिल्लीत इथेनॉलचं ठरतं, पाऊस कर्नाटकाच्या अंगानं येतो, मुकादम बीडचा, आणि फटका औशात माझ्या अंगणात.

बिनधास्त_बोल

ताई, उसाचं सोडा. फुकट रेशन अन् दीड हजार खात्यात पडायला लागल्यावर कोण येणार कामाला? सरकारनं बायकांना आळशी केलं. खरा घटक हा आहे, बोलायची कुणाची हिंमत नाही.

औशाची_ताई

दीड हजार महिन्याला, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आळशी होऊन दाखवा, मी तुम्हाला दोन महिन्यांचे आगाऊ देते. तुमच्या घरी धुण्याभांड्याची बाई सुटी मागते तेव्हा किती कापता तेही लिहा.

उलटं सांगते. जुलै २०२४ ला योजना सुरू झाली आणि त्या दिवाळीला माझ्याकडच्या दोघी पहिल्यांदा टोळीबरोबर गेल्या नाहीत. मुकादमाची उचल घ्यायची गरज पडली नाही म्हणे. हिवाळ्यात माझ्याकडं तिळाच्या पापड्या केल्या. हे सुद्धा बाहेरूनच आलं. वाईट तेवढंच बाहेरून येतं असं नाही काही.

बिनधास्त_बोल

तुमचं एक उदाहरण म्हणजे महाराष्ट्र नाही.

औशाची_ताई

तुमचं तर तेवढंही नाही.

सीए_संभाजीनगर

ताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात चांगला. मी याच्याशी काही वाद घालणार नाही. फक्त एवढंच विचारतो, २०२३ पासून तुम्ही काय बदललं? कारण तुम्ही अजून चालू आहात, म्हणजे बदललं असणार.

औशाची_ताई

गहू फोन करून भिजवते. आधी मुकादमाला फोन, मग गव्हाला पाणी. आणि शेवया मशीनवर घेतल्या, त्याला बाया कमी लागतात. हे मी धड्यात वाचलं नाही, म्हशींनी शिकवलं.

डाळवाला_उदगीर

ताई, तुम्ही सीएच्या बाजूनं गेलात की माझ्या?

औशाची_ताई

गव्हाच्या.

कोरडवाहू_चाकूर

मीटरचं राहिलंच. शेठ, तुम्ही पावसाचं सांगितलाव, दिल्लीचं सांगितलाव. २०१५ ला डाळ दोनशे रुपये किलो झाली तवा सरकार म्हणलं तूर लावा. लावली. २०१७ ला एवढी पिकली की केंद्रावर बारदाना नाही म्हणून काटा बंद. म्या अकरा दिवस ट्रॉलीखाली झोपलो. पोरगं भाकर घेऊन यायचं. शेवटी इकली ती यापाऱ्यालाच, हमीभावाच्या लई खाली. तुमाला तवा बाहेरचा घटक लागला नाही. तवा 'मार्केट' म्हणलाव.

अन् २०१८ च्या ऑगस्टात बातमी आली की हमीभावाच्या खाली घेतलं तर एक साल कैद अन् ५० हजार दंड. लगेच लातूरचा सौदा बंद. तुम्ही दार लावून घेता, सण तोंडावर अन् आमी पोत्यावर बसून. तुमाला दार तर हाय लावायला.

आडत_तिसरी_पिढी

ज्या भावात पुढं विकत नाही त्या भावात घ्यायची सक्ती, नाहीतर तुरुंग. दार नाही लावणार तर काय करणार? तुम्ही पिकवायचं बंद कराल का तोट्यात?

कोरडवाहू_चाकूर

तोट्यातच पिकवलालो की.

डाळवाला_उदगीर

मामा, आता मी खरं लिहितो, मग यावर पुन्हा बोलायचं नाही.

माझ्याकडच्या मीटरची बॅटरी उतरली की तो जास्त ओलावा दाखवतो. एक-दीड टक्का. हे मला माहीत आहे, मुनीमाला माहीत आहे. बॅटरी ८० रुपयांना मिळते. ती कधी बदलायची ते मी ठरवतो. सप्टेंबर २०२३ नंतरच्या हंगामात, जेव्हा वरून माझं कंबरडं मोडलं होतं, तेव्हा ती बॅटरी जरा जास्तच दिवस चालली. झालं समाधान?

सीए_संभाजीनगर

शेठ, हे धाग्यातलं पहिलं वाक्य असायला हवं होतं.

डाळवाला_उदगीर

तुम्हाला कुणी विचारलं नाही. आणि सट्टा शब्द अजून मागे घेतलेला नाही.

सीए_संभाजीनगर

घेतो. 'अंदाज' म्हणू.

कोरडवाहू_चाकूर

बॅटरी बदलली का आता?

डाळवाला_उदगीर

बदलली. काल.

पुण्यातला_परभणीकर

मी वरचं लिहून गेलो होतो, पण झोप लागली नाही म्हणून परत आलो. पत्ता बदला म्हणणाऱ्यांसाठी.

वडिलांचं परभणीत सरकी-पेंडीचं दुकान होतं, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा ऐन कापसाचा हंगाम. जिनिंगवाल्यांकडं रोख नाही, म्हणून शेतकऱ्यांकडं नाही, म्हणून वडिलांकडं नाही. शेतकरी चेक घेईनात, घेतला तरी बँकेत तीन-तीन दिवस रांग. जनावरांना मात्र पेंड रोज लागते. वडिलांनी वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या करून पेंड दिली. मी पुण्याहून फोनवर सांगितलं, बाबा, डिजिटल व्हा, क्यूआर लावा. त्यांनी लावला. त्यांच्या गिऱ्हाइकात स्मार्टफोनवाले चार होते.

दुकान नोव्हेंबरमध्ये बंद झालं नाही. मार्चमध्ये झालं, चिठ्ठ्या वसूल झाल्या नाहीत म्हणून. मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो की बाबा काळाबरोबर बदलले नाहीत. चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे. मोजला नाही कधी.

तरी तुम्ही लोक जास्तच रडता, हे माझं मत कायम आहे.

मास्तर_अंबाजोगाई

गठ्ठा मोजा. नावं वाचा. त्यातले काही जण अजून देतील, आपल्याकडची माणसं तशी आहेत.

आडत_तिसरी_पिढी

आपल्याकडची माणसं? मास्तर, माझ्याकडं या, वही दाखवतो.

जालन्याची_सळई

ते प्रशिक्षक साहेब कुठं आहेत? ज्यांच्यावरून एवढं झालं?

वाळूज_फिटर

त्यांचं शिबिर पुढं ढकललंय. अपरिहार्य कारणास्तव, असं लिहिलंय. हॉलच्या भागात पाणी साचलं म्हणे.

डाळवाला_उदगीर

😂 अपरिहार्य कारण! आतलं की बाहेरचं, विचारा त्यांना.

बरं, जाता जाता एक काम होतं. दोन टनी जुना ड्रायर कुणाच्या बंद मिलमध्ये पडून असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. नांदेड, हिंगोली, कुठलाही चालेल, आणायचं माझ्याकडं. यावर सीए साहेबांनी काही लिहू नये.

सीए_संभाजीनगर

लिहीत नाही. फक्त बिल पक्कं घ्या.

कोरडवाहू_चाकूर

ड्रायर आला की ओल्याची कटती बंद ना शेठ?

डाळवाला_उदगीर

आधी येऊ तर द्या, मामा.